परगावी फाटलेली पावती

आपले नागपूर हे देशाच्या मध्यावरचे शहर. झीरो माइलचा स्तंभ आपल्याच गावात उभा आहे, याचा अभिमान आपण शाळेपासून बाळगत आलो आहोत. पण मध्यावर असण्याचा आणखी एक अर्थ असा की, कुठेही जायचे म्हटले तरी लांबच जावे लागते. कोणाचे मामा छत्रपती संभाजीनगरला, कोणाची ताई पुण्याला, कोणाचे आजोळ छिंदवाड्याला, तर कोणाचे काका रायपूरला. पूर्वी हे प्रवास रेल्वेने किंवा एस.टी.ने होत, आणि गाडी वेगात गेली तर तो ड्रायव्हरचा प्रश्न असे. आता चाक आपल्या हाती आले. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता तयार झाला. या रस्त्यावर मोटारगाडीला सपाटीवर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. रस्ता सरळ, समोर कोणी नाही, मागच्या आसनावर गाण्याच्या भेंड्या रंगलेल्या. काटा १४० वर केव्हा जातो ते कळत नाही. आणि चार दिवसांनी घरी मोबाईलवर संदेश येतो, की अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, आपले वाहन अतिवेगाने जात होते; दंड भरावा.

अशा वेळी वसतिगृहात जे सल्ले मिळतात ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. एक म्हणतो, "अबे, भरून टाक न! कायले डोक्याले ताप करून घेतो?" दुसरा म्हणतो, "राहू दे तसंच. तिकडचा पोलीस काय नागपूरपावतर येणार हाये?" तिसऱ्याच्या ओळखीचा कोणीतरी कुठेतरी असतोच. या तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट समान आहे. ती म्हणजे, चलान म्हणजे नेमके काय, ते पाठविण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला आणि त्या कायद्याने आपल्याला काय दिले, याचा विचार तिघांपैकी कोणीच केलेला नाही. तो विचार थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. अतिवेगाबद्दलचा पहिला दंड इंग्लंडमध्ये १८९६ साली झाला, असे मानले जाते. केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ ताशी २ मैलांची मर्यादा असलेल्या वस्तीतून ताशी ८ मैल वेगाने मोटार हाकीत गेले. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना गाठले, आणि त्यांना १ शिलिंग दंड झाला. आज हे वाचून हसू येते. पण अतिवेगाच्या खटल्यातील सर्व पात्रे या छोट्या प्रसंगात हजर आहेत. कायद्याने ठरविलेली मर्यादा, ती ओलांडणारा माणूस, वेग पाहणारा साक्षीदार आणि न्यायाधीश. पुढच्या सव्वाशे वर्षांत बदलला तो मुख्यतः साक्षीदार. सायकलवरच्या शिपायाची जागा आता यंत्राने घेतली आहे.

आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा जाऊन १९८८ चा कायदा आला व तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या ११२ व्या कलमात वेगमर्यादेचे बंधन आहे आणि १८३ व्या कलमात ते मोडल्याची शिक्षा. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ४०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने, १ सप्टेंबर २०१९ पासून, हलक्या मोटार वाहनासाठी तो १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व अवजड वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये झाला. शिवाय दुसऱ्यांदा तोच गुन्हा केल्यास लायसन्स जप्त करण्याची तरतूद आली. खटला न चालविता प्रकरण मिटविण्यासाठी राज्य शासन जी रक्कम ठरविते, तिला तडजोड शुल्क म्हणतात. आपण ज्याला 'दंड भरला' म्हणतो ते बहुतेक वेळा हे तडजोड शुल्कच असते.

याच १८३ व्या कलमात दोन लहान पोटकलमे आहेत, ती मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. एकात म्हटले आहे की, केवळ एका साक्षीदाराचे 'मला वाटते गाडी जोरात होती' एवढे मत पुरावा म्हणून पुरेसे नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या मापनावर आधारलेले असले पाहिजे. म्हणजे वेग हा मापाचा विषय आहे, अंदाजाचा नव्हे. दुसऱ्या पोटकलमात असे आहे की, ठरलेल्या वेळात पोहोचणे वेगमर्यादा मोडल्याशिवाय शक्यच नाही, असे वेळापत्रक जो मालक छापतो किंवा तसा हुकूम देतो, त्याच्याविरुद्धच ते वेळापत्रक सकृतदर्शनी पुरावा ठरते. दंड केवळ चाकामागच्या गरीब ड्रायव्हरने सोसावा असे कायद्याला अभिप्रेत नाही, ही जाण त्यातून दिसते. "संध्याकाळच्या आत पोहोच रे" असे फोनवर बजावणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्यांनीही हे पोटकलम मनावर घेण्यास हरकत नाही!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गावातले चलान आणि परगावचे चलान यांत फरक कोणता? फौजदारी कायद्याचे एक जुने तत्त्व आहे, की गुन्हा ज्या हद्दीत घडला त्या हद्दीतल्या न्यायालयात त्याची चौकशी व्हावी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७७ व्या कलमात ते होते. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९७ व्या कलमातही तेच आहे. तत्त्व रास्त आहे, कारण साक्षीदार तिथे, जागा तिथे, पोलीस तिथे. अडचण एवढीच की, आरोपी मात्र तिथे नसतो. जालना जिल्ह्यात वेग मोजला गेला आणि आपण राहतो नंदनवनात किंवा प्रतापनगरात. दोन हजारांच्या दंडासाठी चारशे किलोमीटर जायचे, राहायचे, तारीख पडली तर पुन्हा जायचे, हे कोणाला परवडणार? त्यामुळे परगावच्या चलानात बाजू कितीही खरी असली तरी माणूस अंतरापुढे हार मानतो.

ही अडचण कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हती असे नाही. १९८८ च्या कायद्यातील २०८ व्या कलमात त्यावर एक तोडगा आहे. समन्स आल्यावर आरोपीने स्वतः किंवा वकिलामार्फत हजर व्हावे; अथवा गुन्हा कबूल असल्यास तसे रजिस्टर पत्राने कळवून समन्समध्ये लिहिलेली रक्कम न्यायालयाकडे पाठवावी, आणि मनीऑर्डरच्या कुपनावरही गुन्हा कबूल असल्याचे लिहावे. ज्या कुपनावर घरोघरचे वडील 'तब्येतीस जप, अभ्यास कर' असे दोन शब्द लिहून मुलाला पैसे पाठवीत, त्याच कुपनावर 'गुन्हा कबूल' असे लिहून न्यायालयाला पैसे पाठविण्याची ही सोय होती. रक्कम पोहोचली की त्या गुन्ह्याबद्दल पुढील कारवाई होत नसे.

मनीऑर्डरचे ते कुपन आता इतिहासजमा झाले. त्याची जागा ज्याने घेतली त्याचा प्रारंभ, वाचकांना ठाऊक आहे की नाही कोण जाणे, आपल्याच जिल्ह्यात झाला. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूरच्या न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेत 'न्याय कौशल' हे ई-रिसोर्स केंद्र सुरू झाले, आणि त्याच समारंभात महाराष्ट्रातील वाहतूक चलानांसाठीच्या आभासी न्यायालयाचेही उद्घाटन झाले. ते न्यायालय नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे ठेवण्यात आले होते. उद्घाटक होते तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे, म्हणजे आपल्या नागपूरचेच सुपुत्र. संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या काटोलचे नाव अशा रीतीने राज्यभरच्या वाहनचालकांशी जोडले गेले. देशात दिल्लीने हा प्रयोग २०१९ मध्येच सुरू केला होता.

आभासी न्यायालय म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. वेळेत न भरलेले चलान पोलिसांकडून या न्यायालयाकडे संगणकाद्वारे जाते. न्यायाधीश ते तपासून दंडाची रक्कम ठरवितात. वाहनमालकाच्या मोबाईलवर तशी सूचना येते. मालकाने न्यायालयाच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक वा चलान क्रमांक टाकला की प्रकरण समोर दिसते. तिथे दोन वाटा असतात. पहिली, गुन्हा कबूल करून दंड भरणे. ती धरली की पावती मिळते व प्रकरण तिथेच संपते. दुसरी, गुन्हा नाकबूल करून लढणे. ती धरली की प्रकरण त्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. ना तारीख, ना कोर्टाची पायरी, ही सोय पहिल्या वाटेला आहे. दुसऱ्या वाटेने गेले की ते जुने अंतर पुन्हा पुढे उभे राहते.

येथेच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. कबुलीची वाट बोटाच्या एका टोकावर आणि नकाराची वाट चारशे किलोमीटरवर, अशी स्थिती असली म्हणजे निरपराध माणूसही कबुलीकडेच ढकलला जातो. 'भरून टाक, मोकळा हो' हा मित्राचा सल्ला आळशीपणाचा वाटला तरी तो या असमतोलातून आलेला असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५३० व्या कलमाने खटल्याचे कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालविण्यास परवानगी दिली आहे. दृक्‌श्राव्य माध्यमातून परगावच्या आरोपीचे म्हणणे ऐकून घेण्याचा प्रघात लहान प्रकरणांतही रुळला, तर दोन्ही वाटा सारख्या सोप्या होतील. तोवर आपण काय करावे?

पहिली गोष्ट, संदेश खरा आहे की खोटा ते पाहावे. 'आर.टी.ओ. चलान' अशा नावाची फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवून ती उघडताच बँकखाते रिकामे करणाऱ्या टोळ्यांनी अनेकांना फसविले आहे. खरे चलान कधीही फाइल बसवायला सांगत नाही. संदेशातील दुव्यावर बोट ठेवण्याऐवजी स्वतः महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर जावे. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' ही अक्षरे असतात. तिथे आपला वाहन क्रमांक टाकला की खरे-खोटे तत्काळ कळते.

दुसरी गोष्ट, छायाचित्र पाहावे. ११ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घालण्यात आला. त्याप्रमाणे यंत्राने पकडलेल्या गुन्ह्याच्या चलानात गुन्हा व नंबरप्लेट स्पष्ट दिसणारे छायाचित्र, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेले कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र या गोष्टी असाव्यात असे ठरले. यंत्रालाही मान्यतेचे प्रमाणपत्र लागते, आणि अशा रस्त्यावर 'येथे यंत्राची नजर आहे' असा सूचनाफलकही लागतो. ही यादी हातात धरून चलान वाचावे. गाडी आपलीच आहे ना? रंग, बनावट, क्रमांकातील प्रत्येक अक्षर जुळते ना? आपली स्कूटर एमएच ३१ ची, ती दिवसभर महाविद्यालयाच्या स्टँडवर उभी, आणि चलान मुंबईचे, असे प्रकार बनावट नंबरप्लेटमुळे किंवा एखादा आकडा चुकीचा वाचला गेल्याने घडतात. समृद्धीवर तर दुचाकीला प्रवेशच नाही. तेव्हा दुचाकीच्या नावे तिथले चलान आले, तर काहीतरी घोटाळा आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल.

तिसरी गोष्ट, चूक दिसली तर पैसे भरण्यापूर्वीच तक्रार करावी. ई-चलान संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. आर.सी. बुकाची प्रत, गाडीचे छायाचित्र आणि त्या दिवशी गाडी इथेच होती याचा पुरावा जोडावा. टोल, पेट्रोल किंवा पार्किंगची पावतीही उपयोगी पडते. क्रमांक बनावट असल्याचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यावी, कारण त्या बनावट गाडीने उद्या याहून मोठा गुन्हा केला तर ती पोचच आपल्याला वाचवील. एकदा पैसे भरले म्हणजे चलान मान्य केल्यासारखे होते. 'आधी भरतो, मग भांडतो' हा क्रम चालत नाही. नोटिशीत जी मुदत छापली असेल ती वहीत टिपून ठेवावी व तिच्या आतच काय ते करावे.

चौथी गोष्ट, गाडी कोण चालवीत होते? चलान येते ते मालकाच्या नावावर. आपल्यापैकी बहुतेकांची गाडी बाबांच्या किंवा दादाच्या नावावर असते. मोटार वाहन कायद्याच्या १३३ व्या कलमाप्रमाणे पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव, पत्ता व लायसन्सची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे. संदेशही मालकाच्या, आर.टी.ओ.कडे नोंदविलेल्या मोबाईलवरच जातो. तो क्रमांक दहा वर्षांपूर्वीचा असेल तर चलान आले हेच कळत नाही, आणि गाडी विकायच्या वेळी किंवा कागदपत्रे करताना सगळी थकबाकी एकदम पुढे येऊन काम अडते. तेव्हा आपल्या घरच्या गाडीला कोणता क्रमांक जोडला आहे हे आजच पाहून घ्यावे.

पाचवी गोष्ट, रस्त्यातच थांबविले गेले तर. गणवेशातील पोलिसाने मागितल्यास लायसन्स दाखविणे आपले कर्तव्य आहे. डिजिलॉकर वा एम-परिवहनमधील प्रत चालते. वेग किती मोजला, कोणत्या ठिकाणी, हे नम्रपणे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. पैसे दिले तर पावती घेतलीच पाहिजे. 'साहेब, काही करा ना' हे वाक्य आपल्या तोंडून निघता कामा नये, कारण २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. लायसन्स जप्त झालेच तर २०६ व्या कलमाप्रमाणे तात्पुरती पोच मिळते. ती सांभाळावी, कारण लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालविता येते.

यांखेरीज एक मार्ग लोकअदालतीचा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेत थकीत चलानेही ठेवली जातात व सामोपचाराने मिटविली जातात. मात्र 'लोकअदालत होईलच, तोवर गप्प बसू' असे म्हणून दहा चलाने साठविणे म्हणजे सवलतीच्या आशेने कर्ज वाढविणे होय.

परराज्यातल्या चलानाचीही रीत हीच. पेंच ओलांडून सिवनीकडे गेलात काय किंवा रायपूरकडे गेलात काय, वाहनांची नोंद देशभर एकाच संगणकीय कोठारात असल्याने राज्याची सीमा आता आडोसा देत नाही. अमेरिकेत ही अडचण फार आधी जाणवली. तेथे प्रत्येक राज्याचा वाहतूक कायदा निराळा. म्हणून १९७७ साली अनेक राज्यांनी करार केला, की परराज्यातील चालकाला अडकवून न ठेवता घरी जाऊ द्यावे, पण त्याने दंडाकडे दुर्लक्ष केले तर त्याच्या स्वतःच्या राज्याने त्याचे लायसन्स स्थगित करावे. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांना हे चांगलेच ठाऊक असते.

शेवटी त्या यंत्राबद्दल आणि वेगाबद्दल. वेग मोजणारी रडार-बंदूक ज्या तत्त्वावर चालते ते ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ डॉप्लर यांनी १८४२ साली मांडले. जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता वाढते, आणि त्या वाढीवरून वेग काढता येतो. लेसर-बंदूक प्रकाशाचे ठोके पाठवून ते परतायला लागणारा वेळ मोजते. यंत्र रस्त्याच्या बाजूला तिरपे उभे असेल तर आकडा खऱ्या वेगापेक्षा थोडा कमीच येतो, म्हणजे कोनाचा फायदा चालकालाच मिळतो. तेव्हा 'तिरप्या यंत्राने वेग वाढवून दाखविला' ही तक्रार टिकत नाही.

आणि एवढे करून मिळवायचे ते काय? साधे त्रैराशिक मांडू. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. ताशी १२० ने ४ तास २० मिनिटे, ताशी १४० ने सुमारे ३ तास ४३ मिनिटे. वाचली ३७ मिनिटे, तीही न थांबता सतत त्याच वेगाने गेल्यास. उलट गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १२० वरून १४० वर जाताना ती ३६ टक्क्यांनी वाढते, आणि आपटताना तेवढी सारी आपल्या हाडांना सोसावी लागते. ताशी १४० च्या गाडीला समोरची अडचण दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद लागला, तरी त्या एका सेकंदात ती ३९ मीटर पुढे गेलेली असते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस याच महामार्गावर जळाली आणि २५ प्रवासी गेले. त्यानंतर विदर्भातल्या कोणत्याच घरात या रस्त्याचे नाव सहज घेतले जात नाही. मुलगा 'पोहोचलो' म्हणून फोन करीपर्यंत आई जागी असते.

म्हणून चलानाकडे पाहण्याची आपली दृष्टी दुहेरी असावी. ते चुकीचे असेल तर दोन हजारांसाठी कशाला, असे न म्हणता पुराव्यानिशी नाकारावे. कारण आपण मुकाट्याने मान्य केलेली प्रत्येक चूक यंत्रणेला बेफिकीर करते. ते बरोबर असेल तर ओळखीचा हवालदार न शोधता आपल्या खिशातून, बाबांच्या नव्हे, भरावे. कायदा आपल्याला दोन्ही सांगतो, हक्कही आणि जबाबदारीही. कला शाखेचे विद्यार्थी म्हणून आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे शब्द पुष्कळ वेळा लिहिले आहेत. परीक्षेत त्यांना गुण मिळाले; रस्त्यावर त्यांचा उपयोग करण्याची वेळ आता आली आहे.